मुलतानची कडी

१

डब्यात कडी होती, पण ती सुलाबाईच्या घरातली नव्हती.

हे कळायला तिला हातसुद्धा लावावा लागला नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिचाच होता, एका कोपऱ्यात पोचा आलेला. आतली लोखंडी कडी तेवढीच मोठी, तेवढीच काळपट, कडेला तेवढीच बोथट. परक्याला फरक कळला नसता. पण जिनं त्या कडीखाली पाच लेकरं निजवली, दोन मातीला दिली आणि तीन वाढवली, त्या बाईला कोण फसवणार. तिनं झाकण लावलं आणि समोरची माणसं मोजली. अकरा होती. त्या अकरांच्या देखत मंडळाचे अध्यक्ष नुकतेच तिच्या पोराला चोर म्हणाले होते.

रविवार होता, एक्क्याऐंशी सालचा बारा एप्रिल. दुसऱ्या दिवशी बैसाखी. गंगापूर रोडच्या गोदातीर इतिहास मंडळानं त्या निमित्तानं आपल्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं होतं, शिखांच्या इतिहासातल्या अनोळखी माणसांचं. गुरूंच्या तसबिरी सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात. इथं मांडले होते ते कुणी नाव न घेतलेले शिपाई, वाटसरू, आणि त्यांच्याशी लढलेले वैरीसुद्धा. नाशिकचे त्यात दोन धागे होते. एक पंचवटीचा. तिथं राहिलेला एक बैरागी पुढं नांदेडला गेला, गुरूंना भेटला आणि त्यांचा बंदा, म्हणजे सेवक झाला, असं सांगतात. दुसरा धागा सुलाबाईच्या घरच्या आढ्याला टांगलेला होता.

तिच्या नवऱ्याचा पणजा भिकनाक मुंबईच्या पलटणीत शिपाई होता. इंग्रजांनी मुलतानला वेढा घातला तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूनं, शिखांच्या विरुद्ध लढला. तट पडला. ढिगाऱ्याखाली निळ्या पगडीचा एक अकाली, म्हणजे शिखांचा लढवय्या साधू, मांडीत गोळी घेऊन दोन दिवस पडून होता. भिकनाकनं तांब्या पुढं केला, आणि आधी सांगून टाकलं की मी महार आहे. अकाली म्हणाला, जात ठेव तिकडं, पाणी दे. मरताना त्यानं पगडीवरचं लोखंडी चक्र काढून याच्या हातात ठेवलं. फेकून मारायचं हत्यार, बाहेरच्या कडेला धार. भिकनाक ते घेऊन घरी आला, तर त्याच्या बायकोनं पहिलं काम काय केलं, पाट्यावर घासून घासून त्याची धार मारली, आढ्याच्या आकड्यात ते अडकवलं आणि खाली लेकराची झोळी बांधली. तेव्हापासून एकशे तीस वर्षं त्या घरातलं प्रत्येक मूल मुलतानच्या कडीखाली झोपत आलं.

ती कडी सुलाबाईनं काल, शनिवारी संध्याकाळी, स्वतःच्या हातानं मंडळात आणून दिली होती. तिचा वाळू तिथंच शिपाई. सात वर्षं तात्पुरता होता, आणि येत्या बुधवारी त्याच्या कायम होण्याच्या कागदावर सही व्हायची होती. त्यानं डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं. आज सकाळी सरदार लहनासिंग प्रदर्शन बघायला आला, त्यानं कडी उचलली, नखानं वाजवली, कानाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ही तर लेथवरची आहे, लोखंडाला अजून वर्षही झालं नसेल, आणि आपल्या दुकानाकडं निघून गेला.

मग बोलावणी गेली, माणसं जमली. अध्यक्ष म्हणाले, चावी वाळूकडं, डबा वाळूच्या घरचा, तेव्हा एकतर घरातूनच नकली आली किंवा त्यानं अस्सल विकली. संध्याकाळी सहापर्यंत अस्सल कडी टेबलावर आली नाही तर पोलीस. मंडळाचे कार्यवाह चांदवडकर सर, निवृत्त हेडमास्तर, फार गोड बोलणारा माणूस. त्यांनी मध्ये पडून म्हटलं की जरा सांभाळून घ्या, गरिबी माणसाकडून काय काय करवून घेते. अध्यक्षांच्या शिवीपेक्षा ती दया सुलाबाईला जास्त लागली. या हॉलचा स्लॅब टाकला तेव्हा तिनं दोन दिवस डोक्यावरून घमेली वाहिली होती. गरिबी काय करवते ते तिला सर शिकवणार होते.

वाळू भिंतीला टेकून उभा होता. चौतीस वर्षांचा बाप्या, पण मान अशी की वर्गाबाहेर काढलेलं पोर.

सुलाबाईनं एवढंच विचारलं, "चिंधी कुठं हाय?"

कसली चिंधी ते अकरांतल्या कुणालाही कळलेलं दिसलं नाही. एकाला मात्र कळलं असलं पाहिजे.

२

चिंधीचं असं होतं. आढ्याचा लोखंडी आकडा आणि लोखंडी कडी. चार पिढ्या झोळी हलली, तशी आकड्यानं कडीला आतल्या अंगानं झिजवत नेलं आणि करंगळी बसेल अशी खाच पाडली. त्या खाचेत कडी अडायची, कुरकुरायची, आणि निजलेलं मूल दचकून उठायचं. म्हणून सुलाबाईच्या सासूनं तेवढ्या जागेवर चिंधी गुंडाळायला सुरुवात केली. चिंधी कुठली, तर बाळंतिणीच्या लुगड्याची. जिचं मूल झोळीत, तिच्याच लुगड्याची, आणि तिनंच बांधायची. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सासऱ्यानं घरातले देव, लिंबू, बिब्बे सगळं गोदावरीत सोडलं. ही चिंधी मात्र राहिली. ती काही देवाची नव्हती. पोराच्या झोपेची होती.

आत्ताची चिंधी मंगलाची, म्हणजे वाळूच्या बायकोची. सुलाबाईनं कडी दिली ती चिंधीसकट. तिनं सरांना बजावलं होतं, आहे तशीच मांडा, लोकांना दिसू द्या.

आणि डब्यात निघाली ती कडी उघडी. चिंधी नाही. खाचही नाही. बांगडीसारखी गुळगुळीत.

खाचेचं ती कुणापाशी बोलली नाही. चार माणसांत सगळे पत्ते उघडे टाकावेत इतकी ती भोळी नव्हती. वाळूला घेऊन हॉलच्या मागच्या बाजूला गेली आणि म्हणाली की काल डबा दिल्यापासूनचं सगळं सांग, अक्षर गाळू नको.

वाळूनं सांगितलं. डबा टेबलावर ठेवला तेव्हा सरांनी वर्तमानपत्र पसरायला लावलं होतं. कपाटाच्या चाव्या दोन, एक त्याच्याकडं, एक सरांकडं. साडेपाचला तो लाउडस्पीकरवाल्याकडं गेला, अर्धा तास. जाताना आपली चावी नेहमीसारखी खिळ्याला अडकवली. तेवढ्या वेळात हॉलमध्ये तिघे होते. सर भाषणाचे कागद लावत होते. लहनासिंग जुने फोटो घेऊन आला होता. आणि कोंडाजी कडीसाठी केलेलं लोखंडी स्टँड बसवत होता.

कोंडाजी म्हणजे सुलाबाईच्या दिराचा मुलगा. सातपूरच्या कारखान्यात टर्नर. लेथवर काम करणारा.

उन्हात डोकं तापलं होतं, म्हणून तोंडावर पाणी मारायला ती न्हाणीकडं वळली. दाराला कुलूप, वर चिकटवलेला कागद. वाळूनं वाचून दाखवलं, नळ नादुरुस्त. काल दुपारी तर मी इथंच बादली भरली, असंही तो म्हणाला. संध्याकाळी सरांनी स्वतः कुलूप घातलं. दाराच्या फटीतून गोठ्यासारखा वास येत होता. गंगापूर रोडच्या बंगल्यांत गोठे कधीपासून आले, असं पुटपुटत ती निघाली.

साडेअकरा झाले होते. साडेसहा तास हातात, आणि तिघांतला एक तिच्या रक्ताचा.

३

लहनासिंगचं दुकान मुंबई-आग्रा रोडवर, ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचं. रविवारीही उघडं. फाळणीत तो अकरा वर्षांचा असताना मुलतानहून निघाला, आणि बाप अमृतसरला पोचला नाही. मुलतान हा शब्द त्याच्यासमोर काढायचा तर जरा बेतानंच. आज सुलाबाईला बेत ठेवायला सवड नव्हती.

तिनं सरळ विचारलं की कडी तू घेतलीस का. तुझ्याच माणसाच्या पगडीवरची ती. आमच्या घरात तुझा जीव अडकला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लहनासिंग चिडला, आणि चिडला ते बरं झालं. खोटं बोलणारा आधी हसतो. त्यानं तिला खोक्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "बहनजी, ती चीज मला पाहिजे असती तर मी मागितली असती. तुम्ही नाही म्हटलं असतं. बात खतम."

तेही खरं होतं. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. झोळी रिकामी होती. त्यानं जोडे बाहेर काढले, डोक्यावरची पगडी सारखी केली, दोन्ही हातांनी कडी खाली घेतली आणि कपाळाला लावली. बाळंतिणीची चिंधी बांधलेली ती कडी. मंगला लाजून आत पळाली होती. त्यानं चिंधीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, इथं आत काही तुटलंय का. त्याला अंगठ्याला खाच लागली होती. सुलाबाईनं तेव्हा त्याला आकड्याची सगळी गोष्ट सांगितली, तर त्याचे डोळे भरले. म्हणाला, आमच्याकडं शस्त्राला म्यान असतं, तुम्ही तर झोळी दिली.

आणि हाच माणूस नकली कडी करवून घेणार असता तर खाचेशिवाय केली असती का. सुलाबाईच्या डोक्यात पहिली गाठ सुटली ती तिथं, स्प्रिंगपाट्यांच्या ढिगासमोर.

उठता उठता तिनं विचारलं की नाशकात असली दुसरी कडी कुणाकडं आहे का. लहनासिंग म्हणाला, आहे ना. चांदवडकर सरांच्या पंचवटीतल्या घरी. बैराग्याच्या काळचं चक्र, त्यांच्या वाडवडिलांनी जपलेलं. दिवाळीत त्यांचं पुस्तक येणार आहे, त्यात ते जाहीर करणार.

"तुम्ही पायलं ते?"

तीनदा मागितलं, तो म्हणाला. तीनदा ते म्हणाले, साफ करायला दिलंय.

४

सातपूरच्या बसमध्ये सुलाबाई उभ्यानं गेली. जागा होती, पण बसवत नव्हतं. रागानं माणूस असा ताठ होतो की गुडघे मोडत नाहीत. कोंडाजीला तिनं आपल्या हातानं त्या झोळीत निजवलं होतं. त्याची आई बाळंतपणात गेली, म्हणून दोन वर्षं तो काकीच्याच अंगावर वाढला. असला माणूस जर चोर निघाला तर पोलीस लांब, तिनं स्वतःच त्याला लाटण्यानं सोलला असता.

कोंडाजी खोलीच्या दारात सायकलची चेन धूत बसला होता. तिनं हाक न मारता, अध्यक्षांकडून मागून घेतलेली नकली कडी पिशवीतून काढली आणि त्याच्या पुढ्यात आपटली. ही तुझ्या लेथवरची का, एवढंच विचारलं.

तो घाबरेल असं तिला वाटलं होतं. त्यानं आधी कडी फिरवून पाहिली, मग आत जाऊन मापाचं हत्यार आणलं. व्हर्नियर म्हणतात त्याला. टर्नर लोक ते पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवतात. तीन ठिकाणी माप घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काकी, बरोबर नऊ इंच हाय ही. सूतभर कमी नाय, जास्त नाय. तीन जागी धरली, तिन्ही जागी नऊ."

मग काय झालं, तिनं विचारलं. तेवढीच आपली पण असेल.

आपली नाही, कोंडाजी म्हणाला. त्यानं स्टँड करताना आपल्या कडीचं माप घेतलं होतं. लोहारानं ऐरणीवर ठोकून केलेली वस्तू, एकीकडं नऊ आणि दोन सूत, दुसरीकडं नऊला कमी, जराशी अंड्यासारखी. हातघडणीला सरळ आकडा कधी येत नाही. ही करणाऱ्याला कुणीतरी नुसता आकडा सांगितला, नऊ इंच, आणि त्यानं बिचाऱ्यानं नऊ इंचाची करून दिली. अंबडला अशी बारकी वर्कशॉपं पन्नास आहेत. काय आहे, कशाला पाहिजे, कुणी विचारत नाही. मग तो मान वर करून म्हणाला, आवाजात राग होता आणि तो तिला आवडला, "आणि मी केली असती तर खाच सोडली असती व्हय? लहानपणी त्याच खाचेत बोट घालून मी लोंबकाळायचो. तुझाच मार खाल्लाय त्याच्यापायी."

सुलाबाई उंबऱ्यावर बसली. गुडघे आता मोडले.

नऊ इंच. तिच्या घरात येऊन कडीला पट्टी कुणी लावली होती ते तिला आठवत होतं. पट्टी त्याची होती आणि हात मंगलाचा.

कोंडाजीला तिनं सांगितलं, कपडे कर, हातोडी घे, सहाच्या आत पोचायचंय.

५

गेल्या वर्षी वैशाखात चांदवडकर सर तिच्या घरी आले होते. पुस्तकासाठी माहिती हवी, म्हणाले. खुर्ची दिली तर रुमाल टाकून बसले. मंगलानं चहा आणला, तर आज उपास आहे म्हणाले. चहाला कसला उपास, हे सुलाबाईनं मनात ठेवलं. वाळूनं मात्र त्यांना अर्ध्या तासानं कोपऱ्यावर भजी खाताना पाहिलं आणि घरी येऊन हसत सांगितलं. त्या दिवशी सर झोळीपाशी उभे राहिले, मान वर करून चारी बाजूंनी फिरले, वहीत चित्र काढलं. पिशवीतून फूटपट्टी काढली आणि ती मंगलापुढं केली. तुम्हीच धरा, म्हणाले. मंगलानं धरली, त्यांनी लांबून वाचलं, नऊ इंच. चिंधीकडं बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. झोळीत पोर होतं, वास असणारच. तेव्हा सुलाबाईला वाटलं होतं, शिकलेला माणूस, सवय नसेल.

आता साडेपाच वाजता ती हॉलमध्ये शिरली तेव्हा सर एकटेच होते, उद्याच्या भाषणाची उजळणी करत. लंगरावरचं भाषण होतं. राजा असो नाहीतर रंक, एका पंगतीत बसायचं, एका हातचं खायचं, असं काहीतरी ते घोळवून घोळवून म्हणत होते. तिला पाहून थांबले, आणि सकाळचाच तो गोड आवाज. काही पत्ता लागला का, बाई.

तिनं अडाण्याचा आव आणला. त्यात तिला मेहनत पडत नाही. लोक आधीच तसं धरून चालतात. म्हणाली, सर, मी म्हातारी झाले, मलाच आता ओळखू येईना. ही नकली आणि आमची, दोन्हींत नक्की फरक काय, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. पोलिसांना काय खूण सांगू.

सरांनी विचार केला. लोखंड जुनं, म्हणाले. बाकी खूण अशी काही नाही. तुमची कडीही अशीच होती, सगळीकडून सारखी, गुळगुळीत.

"तुम्ही नीट पायली व्हती?"

अगदी जवळून, सर म्हणाले. चित्रच आहे माझ्या वहीत.

सुलाबाईनं मान हलवली. माणसं येऊ लागली होती. अध्यक्ष गाडीतून उतरत होते, आणि त्यांच्याबरोबर खाकी कपड्यातला एक हवालदारही होता.

६

सकाळचे अकराही जमले. सुलाबाईनं नावं घेऊन दोघांना घरून बोलावून आणवलं होतं. लहनासिंग दाराशी, कोंडाजी हातोडी घेऊन त्याच्या शेजारी. वाळू पुन्हा त्याच भिंतीला.

अध्यक्ष घड्याळ बघायला लागले तशी ती म्हणाली, बोलू द्या, बाईमाणसाला वेळ लागतो. आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर ते तिला भांडकुदळ म्हणून मोकळे झाले असते.

पहिली गोष्ट, ती म्हणाली, आमच्या कडीला आतून खाच आहे. चिंधीखाली. दिसत नाही, पण चिंधीवर नुसतं बोट ठेवलं तरी लागते. ज्यानं ज्यानं ती कडी हातात घेतली त्याला ती माहीत आहे. सरदारांना माहीत आहे, कोंडाजीला माहीत आहे, वाळू तर त्या खाचेखाली जन्मापासून निजला. ही नकली करवणाऱ्यालाच ती माहीत नव्हती. म्हणजे त्यानं कडी पाहिली, जवळून पाहिली, चित्र काढलं, पण हात लावला नाही.

दुसरी गोष्ट, ही बरोबर नऊ इंच भरते, म्हणजे पट्टीवर वाचून केलेली. आमच्या घरात पट्टी एकाच माणसानं आणली, आणि तीही माझ्या सुनेच्या हातात दिली.

तिसरी सगळ्यात मोठी. कुठलाही शहाणा चोर काय करेल? आमची चिंधी सोडून नकलीला बांधेल. तसं केलं असतं तर सरदारांनी ती नखानं वाजवून पाहिली नसती, आणि मला सुद्धा कडी पुन्हा आढ्याला टांगेपर्यंत कळलं नसतं. एका गाठीचं काम होतं. या चोरानं तेवढं केलं नाही. का केलं नाही? बाळंतिणीच्या लुगड्याची चिंधी, तीही आमच्या घरातली. त्याचा हात पुढं झाला नाही.

चांदवडकर सर हसले. म्हणाले, ही कथा चांगली आहे, पण कडी कुठं आहे? माझं घर तपासा. खुशाल तपासा.

"घरात कशी न्याल, सर? इटाळाची ती. आधी शुद्ध करावी लागंल ना."

तिनं कोंडाजीकडं नुसतं पाहिलं. तो मागच्या दारानं गेला, अकरा माणसं आणि हवालदार त्याच्या मागं. न्हाणीच्या कुलपाला दोन ठोके पुरले. आत प्लास्टिकची बादली, तिच्यात काठोकाठ गोमूत्र, आणि त्यावर तरंगत असलेलं मंगलाच्या हिरव्या लुगड्याचं टोक. गाठ अजून सुटलेली नव्हती. डबा त्यांनी नुसता बादलीत उपडा केला होता. रात्रंदिवस भिजू देऊन ते ती गाठ आपोआप कुजायची वाट बघत होते.

सुलाबाईनं कोपरापर्यंत हात घातला आणि कडी वर काढली. गाठ सोडली, खाच सगळ्यांना दाखवली. लहनासिंगनं पुढं होऊन ती तशीच ओली तिच्या हातातून घेतली, आणि स्वतःच्या पगडीच्या सोग्यानं पुसायला लागला.

मग सर बोलले. गोडपणा गळून पडला तेव्हा आत एक थकलेला, चिडका म्हातारा निघाला. तीस वर्षं मी हा इतिहास खोदतोय, ते म्हणाले. पंचवटीचा कोपरान् कोपरा पालथा घातला, बैराग्याचा एक खिळा मला मिळाला नाही. आणि यांच्या झोपडीत ही वस्तू, पोरांच्या मुतात. मी वाचवली ती. माझ्या घरातून निघाली असती तर तिला मान मिळाला असता.

सुलाबाईला हसू आलं, फार कडू. म्हणजे हिशेब असा होता की दिवाळीत सरांच्या घरातून अस्सल चक्र निघणार, बैराग्याचं, आणि सुलाबाईच्या घरात लेथवरची नकली सापडणार. पुस्तकात छापलं असतं, की या लोकांकडं होती ती मुळातच खोटी. भिकनाक खोटा, अकाली खोटा, तांब्यातलं पाणी खोटं. नुसती कडी गेली असती तर तिनं एखाद्या वेळी सोडूनही दिलं असतं. हे ती सोडणार नव्हती.

अध्यक्षांनी तिला बाजूला घेतलं. हवालदाराला चहा सांगितला. म्हणाले, सरांचा राजीनामा घेतो, वय झालंय त्यांचं, बोभाटा नको, मंडळाचं नाव आहे. वाळूची सही बुधवारची आजच करतो. दिलगिरीचं पत्र घरी पाठवतो, पाकिटात.

ती म्हणाली, सरांचं काय करायचं ते हवालदारासमोर लिहून घ्या, ते मी बघणार हाय. आणि पाकीट नको. सकाळी बोलताना पाकिटात घालून बोलला नव्हतात. अकरा माणसं व्हती. तीच अकरा हायत. मोठ्यानं बोला.

अध्यक्ष तयार झाले. व्यासपीठावर उद्याच्या पाहुण्यांसाठी लाल गादीची खुर्ची आणून ठेवली होती. सुलाबाईनं वाळूला सांगितलं, तिच्यावर बस.

वाळू जागचा हलला नाही. सात वर्षं तो त्या खुर्च्या पुसत, मांडत आणि उचलत आला होता. राहू दे ना माय, इथंच बरा आहे, असं तो हळूच म्हणाला. दिवसभर दाबून धरलेला सगळा संताप तेव्हा तिच्या डोळ्यांत आला, आणि तो अध्यक्षांवर नव्हता, सरांवरही नव्हता.

"बस म्हणते ना तुला."

तो गेला आणि बसला. अगदी काठावर, हात गुडघ्यांवर, टाचा उचललेल्या, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं असा. अध्यक्ष उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. पहिल्याच वाक्याला, साहेब उभे आहेत म्हणून, वाळू अर्धा उठला.

सुलाबाई व्यासपीठावर चढली, खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं त्याला खाली दाबलं. अध्यक्षांचं सगळं बोलून होईपर्यंत तिनं तो हात काढला नाही.